दिनारांची नजर

१

इलेनियाला वाटलं होतं, धूळ असेल. गंजलेलं कुलूप असेल, खिडकीत मेलेल्या माश्या असतील, आणि तीनशे बारा रोमन दिनार कुठल्यातरी बिस्किटाच्या डब्यात एकमेकांवर घासत पडलेले असतील. स्वीडनहून परतताना विमानात तिने वहीत यादीच केली होती: काय साफ करायचं, काय वाचवायचं, कुणाकुणाशी भांडायचं. सहा वर्षं ती तिकडे जुन्या नाण्यांचा अभ्यास करत होती. तिथली नोकरी नाकारून ती आपल्या गावी, रोमच्या दक्षिणेकडच्या रोक्कासेत्ताला आली होती. इथल्या पोरांच्या तळहातावर दोन हजार वर्षांपूर्वीची चांदी ठेवायची आणि सांगायचं, ही रोमची नाही रे, तुमच्या मातीतून निघालीय, तुमची आहे. एवढ्यासाठी आली होती.

सापडलं ते निराळंच. म्युझियम झालेल्या जुन्या मठाची जेवणाची खोली, भिंतींना नुकताच चुना दिलेला. मधोमध संन्याशांचं लांबलचक टेबल. त्यावर सहा लाकडी तबकं, तबकात हिरव्या बनातीचे गोल खळगे, प्रत्येक खळग्यात एक दिनार आणि दिनाराखाली चिठ्ठी. चिठ्ठीवर बारीक, सुवाच्य अक्षरात वजन, चित्र कशाचं, चेहरा कोणत्या बाजूला बघतोय, किती झिजलाय. एकही खाडाखोड नाही.

वाचवायला काही शिल्लकच नव्हतं.

टेबलाच्या खिडकीकडच्या टोकाला अस्सुंता बसली होती. म्युझियमची तिकिटं फाडणारी, फरशी पुसणारी, आणि पाण्याच्या नळासाठी चर खणताना शेतात मडकं निघालं त्या दिवसापासून, म्हणजे गेली सात वर्षं, ही नाणी सांभाळणारी. शिक्षण आठवीपर्यंत.

"आलीस? बस. कॉफी गार होतेय," ती म्हणाली. "तिकडे मिळत नसेल असली."

"आभारी आहे, अस्सुंताबाई."

"बाई? अगं, तुझ्या डोक्यातल्या उवा मी काढल्यात! तेव्हा मावशी होते. आता शिकून आल्यावर बाई झाले होय?"

इलेनिया हसली, पण 'मावशी' काही तिच्या तोंडून निघेना. ती अस्सुंताच्या चेहऱ्याकडे बघत होती. तिच्या आठवणीतला चेहरा टोकदार होता. धारदार नाक, हनुवटीवर मसुराएवढा तीळ. समोरचा चेहरा मात्र वापरून वापरून गुळगुळीत झालेल्या साबणाच्या वडीसारखा होता. तीळ कुठे दिसेना. वय झालं, असं इलेनियाच्या मनात आलं. मग हेही आलं, की चोपन्न म्हणजे काही फार वय नाही.

२

काम सरळ होतं. अस्सुंताची यादी तपासायची, तिचं पुस्तक करायचं आणि सोळा ऑगस्टला, गावचे संत सान रोक्को यांच्या जत्रेच्या दिवशी, प्रदर्शन उघडायचं. नगरपालिकेचे पेत्रूत्सी साहेब म्हणाले होते, "पुस्तकावर नाव तुमचं, डॉक्टरीणबाई. अस्सुंताचं आत आभारांत टाका दोन ओळी."

"छे! दोघींचं नाव बाहेर," इलेनिया ताडकन म्हणाली होती. त्या दिवशी तिला ते मनापासून वाटलं होतं.

ती भिंतीकडच्या, उजव्या टोकाला बसायची. अस्सुंता डाव्या टोकाला, खिडकीशी. रोमच्या टांकसाळीतले कारागीर बहुतेक चेहरे उजवीकडे बघणारे कोरायचे. त्यामुळे तबकं उघडली, की पंखांच्या शिरस्त्राणातली रोमची देवी रोमा, दाढीवाला सॅटर्न देव, डोक्यावरून वस्त्र घेतलेली सलोख्याची देवी कॉन्कॉर्दिया, सगळे एकजात इलेनियाच्या खुर्चीकडे तोंड करून असायचे. पहिल्या दिवशी तिला ते स्वागत वाटलं. वेडेपणाच तो, पण वाटलं.

माणसं मात्र दुसऱ्या टोकाला जायची. शाळेची पोरं आली, की थेट अस्सुंताभोवती कोंडाळं. "हत्तीवाला दाखव ना!" बारी शहरातल्या विद्यापीठातले एक म्हातारे प्राध्यापक आले, त्यांनी इलेनियाशी शिष्टाचाराचे चार शब्द बोलून खुर्ची अस्सुंताजवळ ओढली आणि दीड तास हलले नाहीत. अस्सुंता नाणं न बघता नुसतं नखाने वाजवून सांगायची, ह्याच्या आत तांबं आहे, वरून चांदीचा मुलामा, फसवलंय मेल्यांनी. दर वेळी बरोबर.

"कुठे शिकलात हे?" इलेनियाने एकदा विचारलं.

"शिकायचं काय त्यात? सात वर्षं रोज बघतेय त्यांना." अस्सुंताने तबकाकडे बोट केलं. "आणि ते मला."

इलेनियाने तो विनोद समजून सोडून दिला. पण रात्री जेवताना आईने "अस्सुंताचे हात सोन्याचे हो," म्हटलं, तेव्हा तळलेल्या मिरच्यांची ताटली तिने पुढे सरकवून दिली. भूक मेली होती.

३

दुपारी एक ते चार सगळं गाव दारं लावून झोपतं. त्या वेळेला इथे उलटी वेळ म्हणतात. तेव्हा लहान मुलांना बाहेर सोडत नाहीत आणि विहिरीत डोकावू देत नाहीत. रोज पाऊण वाजता अस्सुंता उठायची आणि एकेक करत सगळे दिनार पालथे घालायची. तीनशे अकरा. वीस मिनिटं लागायची.

तीनशे बारावं, यादीतलं दोनशे एक नंबरचं नाणं पालथं घालून उपयोग नव्हता. त्याच्या दोन्ही बाजूंना चेहराच होता. ती टांकसाळीतली जुनी चूक. एक नाणं ठोकून झाल्यावर कारागीर ते साच्यातून काढायला विसरला, त्याच्यावरच चांदीचा नवा तुकडा ठेवून घण मारला. म्हणून त्या नाण्यावर पुढे कॉन्कॉर्दियाचा उठावाचा चेहरा, आणि मागे तोच चेहरा खोलगट, मेणात तोंड दाबून उचलल्यासारखा. त्याच्यावर अस्सुंता कान तुटलेली कॉफीची पेली पालथी घालायची.

"हे कशासाठी?"

"दुपारची तोंडं झाकलेली बरी. आधीचे म्हातारे क्युरेटर साहेब तसंच करायचे."

"अस्सुंताबाई, ही चांदी आहे. दिवसातून दोनदा उलथापालथ केली तर ओरखडे पडतात. उद्यापासून बंद."

अस्सुंताने हातातलं नाणं खळग्यात परत ठेवलं. "तू म्हणशील तसं," ती म्हणाली. "पेली तरी राहू दे. तिने काय ओरखडा पडतोय?"

पेली राहिली. आपलं ऐकलं गेलं याचा इलेनियाला त्या दिवशी केवढा आनंद झाला! पुढे त्या आनंदाची तिला लाज वाटायची होती.

४

चौथ्या दिवशी दुपारी चार वाजता तिने तबक उघडलं आणि तिला चूक सापडली.

एकशे सतरा. चिठ्ठीवर लिहिलं होतं: 'रोमा, उजवीकडे.' नाण्यावरची रोमा डावीकडे बघत होती.

इलेनियाने पुन्हा वाचलं. पुन्हा बघितलं. मग छातीत काहीतरी गोड, गरम सांडल्यासारखं झालं. चुकली! हातांना सोन्याचा मुलामा असलेली अस्सुंता चुकली, तीही डाव्या-उजव्यात. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला अस्सुंता मान खाली घालून चिठ्ठ्या कापत होती. इलेनियाने तांबडी पेन्सिल काढून वहीत लिहिलं: ११७.

दुसऱ्या दिवशी आणखी पाच सापडले. तिसऱ्या दिवशी नऊ. आणि झिजेच्या नोंदीही चुकीच्या. दोनशे एकच्या पुढच्या बाजूबद्दल अस्सुंताने लिहिलं होतं, 'चेहरा पार झिजलेला, ओठ दिसत नाहीत.' इलेनियाने भिंग धरलं, तर ओठच काय, पापणीची कडसुद्धा दिसत होती.

ती शीळ घालत घरी गेली.

५

आठवड्याभरात वहीत एकेचाळीस नंबर झाले, आणि तेव्हा कुठे तिच्या मनाने पहिला प्रश्न विचारला. अस्सुंताने सात वर्षांपूर्वी प्रत्येक नाण्याचा फोटो काढला होता. एकशे सतराच्या फोटोत रोमा उजवीकडे बघत होती.

फोटो उलटा छापला असेल. होतं असं. पण फोटो उलटा असता तर अक्षरंही आरशातल्यासारखी उलटी दिसली असती. फोटोत रोमचं नाव सरळ होतं. तिने नाणं हातात घेतलं. नाण्यावरही नाव सरळच होतं. अक्षरं जिथल्या तिथे होती, तेवढा चेहराच फिरलेला.

मग नाणं बदललं असेल. तिने वजन केलं. चिठ्ठीशी तंतोतंत जुळलं. काठावरची चीरही फोटोतल्याच जागी.

खोलीत घड्याळाशिवाय आवाज नव्हता. नाही, एक होता. कुणीतरी चमचा दाताला लावावा तसा, बारीक, एकदाच. तबकांकडून.

"तुम्ही ऐकलंत?"

"काय?" अस्सुंता खिडकीशी बसली होती. ती नेहमी तिरकी बसायची, टेबलाकडे एकच गाल करून. तिच्या गालावर ऊन होतं आणि त्या उन्हातही गालाला कुठे वळण, खळगा, सुरकुती दिसत नव्हती.

"काही नाही."

इलेनियाने तबकावर नजर फिरवली. वळलेले एकेचाळीसच्या एकेचाळीस चेहरे खिडकीकडे बघत होते. तिच्या मनात भीती आली नाही, हे पुढे तिला कितीतरी वेळा आठवलं. मनात आलं ते एवढंच: हेसुद्धा तिच्याकडेच.

६

"मला फोटोंसाठी उजेड हवाय," दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली. "खुर्च्या बदलूया का?"

"घे की. ऊन लागेल हं."

अस्सुंता भिंतीकडे गेली. इलेनिया खिडकीशी बसली. त्याच दुपारी पेत्रूत्सी साहेब यायचे होते. तिनेच बोलावलं होतं. साहेब घाम पुसत आले. इलेनियाने तांबड्या नंबरांची वही उघडली. "एकेचाळीस चुका आहेत, साहेब. हिच्या यादीवर मी सही करू शकत नाही. हे बघा, एकशे सतरा."

साहेब वाकले. "उजवीकडे लिहिलंय."

"आणि बघतेय कुठे?"

"उजवीकडेच बघतेय की, डॉक्टरीणबाई."

इलेनियाने दुसरं दाखवलं. तिसरं दाखवलं. एकेचाळीसच्या एकेचाळीस नाण्यांनी तोंडं परत फिरवली होती. आता सगळी उजवीकडे, भिंतीकडच्या खुर्चीकडे, अस्सुंताकडे बघत होती.

"स्वीडनमध्ये उजवा हात कोणता असतो हो?" साहेब म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर पोट धरून हसले.

अस्सुंता हसली नाही. तिने इलेनियापुढे पाण्याचा पेला ठेवला. "उन्हाने होतं पोरी. पहिल्या वर्षी माझंही असंच झालं होतं, डावं-उजवं कळेना. नंतर सवय होते."

ती दया होती, आणि तीच सहन होण्यासारखी नव्हती. अपमान एक वेळ पचतो. पण ज्या बाईच्या चुका मोजत आपण आठवडाभर शीळ घातली, तिनेच आपल्याला पाणी द्यावं? त्या रात्री इलेनियाने पत्र लिहिलं. त्यात डावं-उजवं काही नव्हतं. त्यात होतं, की एवढा मोलाचा ठेवा पदवी नसलेल्या व्यक्तीच्या हाती असणं नियमांत बसत नाही, उद्या काही झालं तर जबाबदार कोण, आणि शास्त्रशुद्ध पुस्तकावर एकच नाव असणं योग्य. प्रत्येक वाक्य खरं होतं. तिने ते चार वेळा वाचून खात्री करून घेतली.

७

पत्राचं उत्तर यायला सहा दिवस लागले. अस्सुंताला तिकीट-खिडकीवरूनही काढलं. साहेबांना तशीही एक जागा कमी करायची होती. म्युझियममध्ये बावीस वर्षं काम केलं होतं तिने. एका पिशवीत चपला, विणकाम आणि सान रोक्कोचं छोटं चित्र मावलं.

"माझं नाव राहील ना पुस्तकावर?" दारात तिने विचारलं. "माझ्या भावाला सांगून बसलेय मी. तोरिनोहून येतोय तो जत्रेला, नाव बघायला."

"बघू या. छापणारे काय म्हणतात त्यावर आहे."

अस्सुंताने मान हलवली. तिला कळलं होतं. "दुपारी पालथी घाल," ती म्हणाली. "माझ्यावरचा राग त्यांच्यावर काढू नकोस. आणि पेली राहू दे. घरी आहेत माझ्याकडे बऱ्याच."

"आवडायचं का तुम्हाला?" इलेनियाला राहवलं नाही. "त्यांनी असं... सारखं बघणं?"

अस्सुंताच्या पुसट चेहऱ्यावर काहीतरी हललं. "दुसरं कोण बघतंय गं माझ्याकडे?" ती म्हणाली.

८

पहिले दोन दिवस सुखाचे गेले. इलेनिया खिडकीशी बसली, चेहरे खिडकीकडे वळले. ती भिंतीकडे गेली, चार वाजता उघडून बघितलं तर ते भिंतीकडे. वळताना एकही दिसत नसे. फक्त तो बारीक आवाज, चमचा दाताला लागल्यासारखा, आता एकामागून एक, रांगेने. आपल्याला भीती वाटायला हवी, हे तिला कळत होतं. पण चुलीपाशी बसल्यासारखं वाटत होतं. अख्ख्या खोलीत, अख्ख्या गावात, शेवटी कुणीतरी तिच्याकडे बघत होतं. पालथी घालायचा प्रश्नच नव्हता. अस्सुंताला जे सात वर्षं फुकट मिळालं, ते आपण झाकून का ठेवायचं?

चौथ्या दिवशी सकाळी तिच्या फोनने तिचा चेहरा ओळखला नाही. तिने तीनदा धरला. तिन्ही वेळा नकार. कॅमेऱ्याची काच पुसली, आकडे दाबून उघडला आणि विसरून गेली.

सहाव्या दिवशी पाववाल्या दोनातोने, ज्याच्या मांडीवर ती खेळली होती, पिशवी देताना विचारलं, "कुणाकडे उतरलाय, ताई? पाहुण्या दिसता."

"दोनातोकाका, मी इलेनिया."

"अरे देवा! माफ कर गं पोरी. चष्मा बदलायला हवा."

आठव्या दिवशी आईने जेवताना तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं. "नीट खातेस ना? चेहरा कसातरी... उतरल्यासारखा." तो शब्द तिला बरोबर वाटला नसावा, कारण ती दुसरा शोधत राहिली आणि सापडला नाही.

इलेनियाने न्हाणीघरात आरशासमोर उभं राहून नाकावरून बोट फिरवलं. नाकावर एक व्रण होता, लहानपणी जिन्यावरून पडली तेव्हाचा. बोटाला तो लागला नाही. आरसा जुना आहे, ती स्वतःला म्हणाली. बोटाला आरसा लागत नाही, हेही तिनेच स्वतःला सांगितलं.

९

नवव्या दिवशी, पाऊण वाजता, ती दिनार पालथे घालू लागली.

बाहेर गाव झोपलं होतं. खिडकीची फळी लावलेली, फटींतून उन्हाच्या पट्ट्या टेबलावर पडलेल्या. चेहरा न बघता नाणं उचलायचं, पालथं करायचं, पुढचं. पण हाताला कळत होतं. सात वर्षांपूर्वी 'झिजलेले' लिहिलेले दिनार बोटांना आता खरखरीत लागत होते, कालच ठोकल्यासारखे. केसांच्या बटा, शिरस्त्राणाचे पंख, ओठांच्या कडा. एका नाण्यावरच्या दोन हातांनी एकमेकांना धरलं होतं, सलोख्याची खूण म्हणून. त्या हातांची नखंसुद्धा तिच्या बोटाला लागली.

तीनशे अकरा झाले. आवाज थांबले. राहिली पेली.

ती तशीच सोडता आली असती. पण पेलीच्या आतून अजून एक आवाज येत होता. चमच्याचा नव्हे. थंड काचेवर कुणी जवळून श्वास सोडावा, तसा.

तिने कारणं शोधली. खोलगट चेहरा बघणाऱ्याबरोबर फिरल्यासारखा दिसतो. डोळ्यांची ती जुनी फसगत आहे, हे तिने स्वतः पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवलं होतं. तो दिसला तर घाबरायचं नाही. तिने पेली उचलली.

पुढची बाजू वर होती. डोक्यावरून घेतलेलं वस्त्र होतं, त्याच्या चुण्या स्पष्ट होत्या. वस्त्राच्या आत मात्र खळगा होता, गुळगुळीत, रिकामा. चेहरा मागच्या बाजूला गेला असणार. तिने नाणं उलटलं. उलटायला नको होतं.

तो डावीकडे बघत नव्हता. उजवीकडेही नाही. पट्टीभर उन्हात, बोटाच्या पेराएवढ्या चांदीवर, तो समोर बघत होता. पुढे कललेला, वस्त्रातून बाहेर आलेला, आणि नाकावर बारीक व्रण असलेला.

तेवढंच तिने बघितलं. पेली पालथी घातली, दोन्ही हातांनी दाबून धरली. पण नजर कळायला एक क्षण पुरतो. त्या नजरेत भूक होती आणि तिरस्कार होता. समोरच्याजवळ जे आहे ते आपल्याजवळ का नाही, एवढंच विचारणारी ती नजर होती. इलेनियाला ती अनोळखी नव्हती. पाच आठवडे ती स्वतः तीच नजर टेबलाच्या दुसऱ्या टोकाला लावून बसली होती.

१०

पहाटेपर्यंत ती अंथरुणात बसून होती. सोडून जाता आलं असतं. गाडी, स्वीडनचं विमान, सगळं होतं. पण ती गेली तर ते कुणाकडे बघतील? कुणीतरी नवीन येईल, खिडकीशी बसेल, आणि तबकं त्याच्याकडे वळतील. हा विचारच तिला सोसेना, आणि तेव्हा तिला कळलं, की आपण जाणार नाही. त्यांच्या नजरेसमोरही राहायचं नाही आणि दूरही जायचं नाही. त्यांच्याजवळ राहायचं, पण भिंतीकडच्या टोकाला. म्हणजे दुसऱ्या टोकाला कुणीतरी हवं.

सात वाजता ती अस्सुंताच्या अंगणात होती. टोमॅटोचा मोसम, अंगणात मोठं पातेलं शिजत होतं, बाटल्या ओळीने पालथ्या घातलेल्या. अस्सुंताचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते. ती वळली आणि इलेनिया जागीच थांबली.

नाक धारदार होतं. डोळ्यांच्या कोपऱ्यांना सुरकुत्या होत्या, चांगल्या खोल, हसऱ्या. आणि हनुवटीवर मसुराएवढा तीळ. दोन आठवड्यांपेक्षा कमी दिवसांत परत आलेला.

"कोण पाहिजे?" अस्सुंताने विचारलं. मग डोळे बारीक केले, आणि हातातली पळी खाली ठेवली. "इलेनिया? अगं... काय झालं तुला?"

इथे खरं सांगता आलं असतं. इलेनियाने त्या तिळाकडे बघितलं. तो तिला हवा होता. तो नाही तर नाही, पण तो त्या हनुवटीवर नको होता.

"मी चुकले, मावशी," ती म्हणाली. तो शब्द आज सहज निघाला. "पत्र मागे घेते. साहेबांशी मी बोलते, जागा तुमची. पुस्तकावर तुमचं नाव वर, माझं खाली. तुमच्या भावाला सांगा."

"पालथी घालत होतीस ना दुपारी?"

"हो."

"आणि..." अस्सुंताने लाल हात ॲप्रनला पुसले, हळूहळू, एकेक बोट. तिला विचारायचं नव्हतं आणि विचारल्याशिवाय राहवत नव्हतं. "तुझ्याकडे बघायचे का गं ते?"

पातेल्यात टोमॅटो रटरटत होते. इलेनियाने ठरवलं.

"नाही," ती म्हणाली. "एकदाही नाही. सगळे तुमचीच वाट बघतायत, मावशी. खिडकीशी खुर्ची मांडून आलेय मी."

आणि अस्सुंताच्या त्या लखलखीत, नव्या चेहऱ्यावर असं काही सुख उमटलं, की इलेनियाला क्षणभर मान वळवावी लागली.